सोन्यावर रेणूंची रांग कोण लावतं?

तुमच्यापैकी जे पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीत, तळवड्यात नाहीतर चाकणच्या बाजूला राहतात, त्यांच्या घराजवळ एखादी तरी शेड असेलच. वर पत्र्याचं छप्पर, आत दोन-चार सीएनसी मशिन, दारात माल भरायला उभा असलेला टेम्पो. या शेडमध्ये गाड्यांचे भाग तयार होतात. शाफ्ट, बुश, पिन, गिअर, काय वाट्टेल ते. तिथले काका अशा प्रत्येक भागाला ‘जॉब’ म्हणतात. मशिनवरून नुकताच उतरलेला जॉब कधी पाहिलाय? इतका लख्ख असतो, की त्यात आपलं नाक दिसतं.

पण त्याला बोट लावायला गेलात, तर काका लगेच ओरडतील. त्यांना दोष देऊ नका, कारण आपल्या बोटांवर घाम असतो आणि घामात मीठ असतं. पावसाळ्यात असा बोट लागलेला जॉब ठेवून दिला, तर थोड्याच दिवसांत नेमक्या त्या जागी तांबूस डाग उठतो. कधीकधी तर बोटाच्या रेषासुद्धा त्यात ओळखू येतात! गंजानं घेतलेला बोटाचा ठसाच तो. म्हणून तर पॅकिंग करणाऱ्या ताया आणि दादा हातमोजे घालतात.

लोखंडाला गंज चढायला पाणी लागतं आणि हवेतला ऑक्सिजन लागतो. मीठ असलं की मग ते काम झपाट्यानं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाण्याला काय तोटा? हवाच ओली असते. आणि हे जॉब काही इथेच राहत नाहीत. कुणी चाकणच्या कारखान्यात जातं, कुणी दुसऱ्या राज्यात, कुणी जहाजात बसून समुद्रापार. वाटेत कित्येक आठवडे जातात. तेवढे दिवस गंजाला लांब कसं ठेवायचं?

एक जुना उपाय म्हणजे तेल. जॉब तेलात बुडवायचा, निथळू द्यायचा आणि बांधायचा. उपाय चांगला, पण पुढच्या कारखान्यात ते सगळं तेल धुवावं लागतं. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. शेडमध्ये तुम्हाला एक पिवळी किंवा निळी प्लॅस्टिकची पिशवी दिसेल, नाहीतर तपकिरी कागद. त्याला सगळे ‘व्हीसीआय’ म्हणतात. कोरडा, स्वच्छ जॉब त्या पिशवीत घालायचा, तोंड बंद करायचं, झालं! वर तेल नाही, रंग नाही, मेण नाही. महिन्यांनी पिशवी उघडली तरी जॉब तसाच लख्ख.

हे कसं होतं? त्या कागदात किंवा प्लॅस्टिकमध्ये एक रसायन मुरवलेलं असतं. कापराची वडी डबीत ठेवली तरी हळूहळू उडून लहान होते ना? हे रसायनही तसंच, बंद पिशवीत सावकाश वाफ होऊन पसरतं. त्याचे रेणू तरंगत तरंगत धातूपर्यंत पोचतात आणि तिथे चिकटतात. सगळ्या कानाकोपऱ्यांत, भोकांत, आट्यांच्या खाचांतसुद्धा. धातूवर त्यांचा एक थर बसतो आणि पाण्याला लोखंडापर्यंत पोचणं अवघड होऊन बसतं. पिशवी उघडी राहिली की रेणू परत उडून जातात, म्हणून तर काका पिशवीचं तोंड नीट बंद करायला सांगतात. १९४०च्या दशकात या युक्तीनं जोर धरला आणि आता वाहनांच्या सुट्या भागांचं जगच तिच्यावर चालतं.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. हा कागद कुठे रद्दीत, भंगारात मिळाला, तर त्यात वडापाव, भेळ, चपाती असलं काहीही बांधायचं नाही. लोखंडाला चिकटणारी ती रसायनं पोटात जायला नकोत. धाकट्या भावंडांनाही सांगा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तो थर किती जाड असेल? डोळ्यांना दिसत नाही. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाही. असे थर मोजायला मिलिमीटर फार म्हणजे फारच मोठा पडतो. तिथे नॅनोमीटर लागतो. १ मिलिमीटरचे १० लाख तुकडे केले, तर एक तुकडा म्हणजे १ नॅनोमीटर. तुमच्या बोटाचं नख दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. म्हणजे हे वाक्य वाचून होईपर्यंत ते चार-पाच नॅनोमीटर वाढलंसुद्धा! आणि आपण ज्या थरांबद्दल बोलणार आहोत, त्यांतले बरेचसे एक ते तीन नॅनोमीटर जाड असतात. म्हणजे किती? फक्त एका रेणूच्या उंचीएवढे. एकावर एक दोन रेणूही नाहीत.

अशा एकपदरी थरांमध्ये सगळ्यात देखणा थर पाहायचा असेल, तर लोखंड बाजूला ठेवून सोनं घ्यावं लागतं. सोनं गंजत नाही. त्याचा पृष्ठभाग स्वच्छ मिळतो आणि त्याचे अणू ठरावीक नक्षीत बसलेले असतात. या सोन्यावर बसायला जो रेणू येतो त्याचं नाव थायॉल.

थायॉल तुमच्या ओळखीचा आहे. नाव नसेल माहीत, पण वास माहीत आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती झाली तर आपल्याला कळावं म्हणून त्यात एक भयंकर वासाचं रसायन चिमूटभर मिसळतात. ते असतं इथाइल मरकॅप्टन, म्हणजे थायॉलांच्या घरातलं एक छोटं मूल. दोन कार्बन अणू आणि त्यांच्या टोकाला गंधकाचा एक अणू. आपल्याला हवा आहे तो त्याचा उंच दादा. त्याच्यात बारा, सोळा, अठरा कार्बन अणू एकापुढे एक जोडलेले असतात आणि एका टोकाला तोच गंधक. गंधकाच्या टोकाला आपण डोकं म्हणू आणि बाकीच्या लांब साखळीला शेपूट.

आता गंधकाची एक सवय लक्षात घ्या. त्याला चांदी आणि सोनं फार आवडतं. आजीची चांदीची समई किंवा ताईचे पैंजण काळे का पडतात? हवेत गंधकाची संयुगं अगदी थोडी का होईना असतात, ती चांदीला जाऊन चिकटतात आणि काळा पापुद्रा धरतो. सोनं काळं पडत नाही, पण गंधकाचं डोकं असलेला रेणू जवळ आला की तेही त्याला घट्ट धरून ठेवतं.

चला, मग प्रयोगशाळेत जाऊ. काचपट्टीवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेला आहे. भांड्यात शुद्ध अल्कोहोल आहे आणि त्यात थायॉल अगदी थोडं विरघळवलं आहे. सोन्याची पट्टी त्यात बुडवायची. आणि पुढे काय करायचं? काही नाही. झाकण लावायचं आणि घरी जायचं.

आपण घरी गेल्यावर भांड्यात मात्र मोठी धांदल उडते. द्रवातले रेणू सतत इकडून तिकडे धडकत असतात. कुणी स्वस्थ बसत नाही. धडकता धडकता एखाद्याचं डोकं सोन्याला लागतं आणि चिकटतं. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. सुरुवातीला जागा भरपूर असते, त्यामुळे काही रेणू सोन्यावर चक्क आडवे लोळतात. पण रेणू येतच राहतात. गर्दी होते. लोळायला जागा उरत नाही. तेव्हा एकेक रेणू उठून उभा राहतो, डोकं खाली सोन्याला टेकवून आणि शेपूट वर करून. पहिल्या काही मिनिटांतच जवळपास सगळं सोनं झाकलं जातं.

मग रात्रभर कशाला ठेवायचं? कारण आता खरी गंमत सुरू होते. झाकलं गेलं असलं, तरी रांग अजून वाकडीतिकडी असते. कुणी भलत्या जागी बसलेला, कुणाची शेपूट मुडपलेली. पण या शेपट्यांना एकमेकींच्या जवळ राहायला आवडतं. दोन शेपट्यांमधली ओढ अगदी कमजोर असते, मात्र लांब शेपटीच्या कार्बनामागून कार्बनाला ती मिळत जाते आणि बेरीज मोठी होते. जो रेणू चुकीच्या जागी आहे त्याला शेजाऱ्यांचा आधार कमी मिळतो. म्हणून तो सरकतो, कधी सुटूनही जातो, आणि कुणीतरी जास्त चांगल्या जागी बसतो. जो नीट बसला आहे त्याला चहूबाजूंनी शेजार मिळतो, म्हणून तो हलत नाही. चुकलेला हलतो आणि बरोबर असलेला टिकतो! तासन्‌तास हे चाललं, की रांग आपोआप सुधारत जाते.

सकाळी पाहावं तर प्रत्येक रेणूभोवती सहा शेजारी, दोन शेजाऱ्यांत साधारण अर्ध्या नॅनोमीटरचं अंतर आणि सगळ्या शेपट्या एकाच बाजूला सुमारे ३० अंशांनी कललेल्या. मावळात भातलावणी झाल्यावर खाचरात वारा सुटला, की रोपं जशी एका रांगेत, एका बाजूला झुकून उभी दिसतात, अगदी तसं. फरक एवढाच की भाताची रोपं लावायला गुडघाभर चिखलात वाकून कष्ट करणारी माणसं असतात. इथे एकही रोप कुणी लावलेलं नाही.

आणि रोपं तरी किती? १ चौरस सेंटिमीटर सोन्यावर, म्हणजे साधारण तुमच्या नखाएवढ्या जागेत, सुमारे साडेचारशे लाख कोटी. जगात माणसं आहेत ८०० कोटींच्या घरात. नखाएवढ्या सोन्यावरचे रेणू सगळ्या जगाला वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० हजारांहून जास्त येतील. हे सगळे एकेक करून चिमट्यानं लावायचे म्हटलं असतं तर? सेकंदाला एक या वेगानं १ कोटी वर्षांहून जास्त लागली असती. ते एका रात्रीत स्वतःच लागतात. शास्त्रज्ञ याला स्वयंरचना म्हणतात. मला विचाराल तर रसायनशास्त्रात यापेक्षा सुंदर गोष्टी फार थोड्या आहेत.

‘पण हे सगळं दिसलं कुणाला?’ असं कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं. साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाश लागतो आणि रेणू प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूपच लहान असतात. १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी एक वेगळाच सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात प्रकाश नाही, भिंगही नाही. एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या इतक्या जवळून फिरवायची, की मधल्या रिकाम्या जागेतूनही विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो. उंचवटा आला की प्रवाह वाढतो, खड्डा आला की कमी होतो. त्यावरून नकाशा काढायचा. या सुईनं अणू दिसले आणि सोन्यावर बसलेल्या रेणूंच्या रांगाही दिसल्या. दोघांना १९८६ साली नोबेल मिळालं.

आता शेपटीच्या टोकाकडे बघा. बाहेरच्या जगाला सोनं दिसतच नाही, दिसतात ती फक्त शेपटीची टोकं. टोक जर मेणासारखं, पाण्याशी न जमणारं असेल, तर त्या सोन्यावर टाकलेला पाण्याचा थेंब गोल गोटी होऊन बसतो. टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी लावली, तर तेच पाणी लगेच पसरतं. आत तेच सोनं आहे, तोच गंधक आहे, तेवढीच लांब शेपूट आहे. टोकाचे दोन-तीन अणू बदलले आणि अख्ख्या धातूचा स्वभाव बदलला! टोकाला असं काही लावलं की जे रक्तातली एखादी विशिष्ट गोष्टच पकडेल, तर त्या सोन्याच्या पट्टीचा तपासयंत्रासाठी उपयोग होतो. चांदीवर लांब शेपटीचे थायॉल बसवले तर चांदी सहजासहजी काळी पडत नाही. गंधकच चांदी काळी करतो आणि गंधकाच्याच डोक्याचा रेणू तिला वाचवतो. आहे की नाही कमाल?

असं काम आपल्या जवळही झालं आहे. पिंपरी-चिंचवडहून पुण्यात पाषाणला गेलं की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. सगळे तिला एनसीएल म्हणतात. ती १९५० साली सुरू झाली. तिथे के. विजयमोहनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एकपदरी थरांवर बरीच वर्षं काम केलं. तपासयंत्रांसाठी हे थर कसे वापरता येतील, याचा आढावा घेणारा त्यांचा लेख २००२ साली प्रसिद्ध झाला.

त्याच प्रयोगशाळेतली दुसरी गोष्ट तर थेट आपल्या चहाच्या भांड्यातली आहे. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहा घेतला. हो, तोच, सर्दी झाली की आई चहात टाकते तो. त्याची पानं पाण्यात उकळून अर्क काढला आणि त्यात सोन्याचा क्षार मिसळला. त्या क्षाराचं पाणी दिसायला पिवळसर असतं. अर्कातल्या रेणूंनी त्या क्षारातून सोनं मोकळं केलं आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार होऊ लागले. पण हे कण गोल राहिले नाहीत. कित्येक कण सपाट, पातळ त्रिकोण झाले! ना साचा, ना कात्री, ना भट्टी. साध्या खोलीच्या तापमानाला, भांड्यातल्या भांड्यात सोन्याचे त्रिकोण.

त्रिकोणच का? शास्त्रज्ञांना दिसलं ते असं: गवती चहाच्या अर्कातले काही रेणू सोन्याच्या छोट्या गोल कणांवर थर धरून बसतात. त्या थरामुळे कण थोडे मऊ, वाहते राहतात. असे कण एकत्र आले की मिसळून जातात आणि त्यातून सपाट त्रिकोणी स्फटिक घडतो. म्हणजे इथेही धातूवर बसलेला रेणूंचा पातळ थरच धातूनं कोणता आकार घ्यायचा यात हात घालतो. हे संशोधन २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’ या नामांकित पत्रिकेत आलं. हे त्रिकोण उन्हातली डोळ्यांना न दिसणारी उष्ण किरणं शोषतात, त्यामुळे खिडक्यांच्या काचांवर त्यांचा लेप देता येईल का, याचाही या गटानं अभ्यास केला. पुण्यात उगवलेली कल्पना आहे ही, आणि तिचा मला खूप अभिमान वाटतो.

तर मग चिखलीच्या पिशवीतला थर आणि सोन्यावरचा थर एकच का? नाही, आणि हे नीट समजून घेऊ. लोखंडाच्या अंगावर आधीच ऑक्सिजनच्या संयुगाचा पापुद्रा असतो, ते सोन्यासारखं स्वच्छ नसतं. पिशवीतल्या रसायनाचं डोकं गंधकाचं नसून बहुधा नायट्रोजनचं किंवा आम्लाच्या गटाचं असतं. त्याची रांग सोन्यावरच्या रांगेइतकी नीटस नसते आणि ती थायॉलइतकी घट्टही चिकटत नाही. पण तत्त्व तेच. धातूची आवड असणारं डोकं आत, पाण्याची नावड असणारी शेपूट बाहेर, आणि रांग लावायला कुणी नाही. मशिन चालू असताना घातल्या जाणाऱ्या तेलातही असे डोकं-शेपटीवाले रेणू मुद्दाम मिसळलेले असतात. ते दोन धातूंच्या मध्ये उभे राहतात आणि घर्षण कमी करतात. इंजिनात, गिअरबॉक्समध्ये, लेथवर, सगळीकडे हे चाललेलं असतं.

हा सगळा शोध लागला कसा, ते सांगायचं राहिलंच. त्याची सुरुवात धातूवर नाही, पाण्यावर झाली.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन लंडनला असताना तिथल्या क्लॅपहॅम नावाच्या भागातल्या तळ्यावर गेले. वारा होता, पाण्यावर लाटा होत्या. त्यांनी जेमतेम चमचाभर तेल तळ्यात ओतलं. तेल पसरत गेलं, पसरत गेलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे! त्यांनी ही हकिकत १७७४ साली प्रसिद्ध केली, पण एक सोपा भागाकार करायचा राहून गेला. तो आपण करू. चमच्यात ५ घन सेंटिमीटर तेल धरा. २० गुंठे म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर, म्हणजेच २ कोटी चौरस सेंटिमीटर. ५ ला २ कोटींनी भागा. उत्तर येतं सेंटिमीटरचा ४० लाखावा भाग, म्हणजे अडीच नॅनोमीटर. एका रेणूची जाडी! तेल मोजायच्या चमच्यानं रेणू मोजता येतो, हे कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली.

ते मोजलं इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी, १८९० साली. आणि त्यांनी काय वापरलं असेल? कापूर! स्वच्छ पाण्यावर कापराचे कण टाकले तर ते नाचू लागतात. तेलाचा पातळ थर पसरला की नाच बंद पडतो. अंघोळीच्या मोठ्या टबात पाणी घेऊन, नाच थांबवायला किती तेल पुरतं ते त्यांनी तोललं आणि थराची जाडी काढली. ती आली १.६ नॅनोमीटरच्या आसपास.

त्याच सुमारास जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची एक स्त्री राहत होती. तिला विज्ञानाची विलक्षण आवड होती, पण त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. ती घर सांभाळायची, आजारी आईवडिलांची सेवा करायची. भांडी धुताना तिचं लक्ष पाण्यावरच्या तेलकट थराकडे गेलं. मग विशीतल्या त्या मुलीनं पत्र्याचं एक लांबट भांडं घेतलं, त्यावर सरकणारी पट्टी बसवली आणि पाण्यावरचा थर दाबला किंवा सैल सोडला की पाण्याची ओढ कशी बदलते, ते मोजायला लागली. स्वयंपाकघर हीच तिची प्रयोगशाळा. १८९१ च्या जानेवारीत तिनं रॅले यांना जर्मन भाषेत पत्र लिहिलं. रॅले यांच्या पत्नीनं त्याचं भाषांतर केलं आणि रॅले यांनी ते ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकाकडे छापायला पाठवलं. त्याच मार्चमध्ये ते छापून आलं. अमेरिकेच्या अर्विंग लँगम्युर यांनी पुढे तिच्या भांड्यासारखंच भांडं वापरून पाण्यावरच्या एकपदरी थरांचा सखोल अभ्यास केला आणि पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी त्यांना १९३२ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅग्नेसला तिच्या गावच्या विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ती ७० वर्षांची होती. मला तरी वाटतं, हे तिला फार उशिरा मिळालं.

आता पाण्यावरून धातूकडे येऊ, १९४६ सालाकडे. अमेरिकेत विल्यम झिस्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की ठरावीक रेणू विरघळवलेल्या तेलात स्वच्छ प्लॅटिनम बुडवून काढलं तर ते कोरडंच बाहेर येतं. रेणूंनी आपापली रांग लावलेली असते. आणि १९८३ मध्ये राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी गंधकाच्या डोक्याचे रेणू सोन्यावर बसवून दाखवले. त्यानंतर मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत या थरांची झुंबड उडाली.

आता तुमची पाळी. रॅले यांचा कापराचा प्रयोग घरी करता येतो. घरातलं मोठं माणूस सोबत असू द्या. कापूर पेटवायचा नाही आणि तोंडातही घालायचा नाही, तो पोटात गेला तर विषारी असतो. धाकटी भावंडं जवळ असतील तर डबी उंचावर ठेवा. एक स्टीलची परात घ्या, साबणानं घासा आणि मग पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळा. साबणाचा अंशही राहता कामा नये. तो राहिला तर प्रयोग फसणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. परातीत स्वच्छ पाणी भरा आणि कापराच्या वडीचे बारीक कण चिमट्यानं त्यावर सोडा. बोटानं नको! कण गरागरा फिरतील, पळतील. कारण कापूर विरघळताना ज्या बाजूला जास्त विरघळतो तिकडची पाण्याची ओढ कमी होते आणि दुसऱ्या बाजूचं पाणी त्याला खेचून नेतं.

आता टूथपिकचं टोक गोडेतेलात बुडवा, कागदावर पुसा आणि पाण्याला हलकेच टेकवा. कण थांबतील. पुसून उरलेलं तेवढंसं तेल परातभर पसरलं. पाण्याची ओढ सगळीकडेच कमी झाली. कापराला खेचायला आता कुणी उरलं नाही. परात पुन्हा धुवा आणि या वेळी तेलाऐवजी नुसतं बोट टेकवून बघा. काकांनी जॉबला हात का लावू दिला नाही, याचं आणखी एक उत्तर तिथे मिळेल.

काय घडलं ते तारीख घालून वहीत लिहा. किती कण, किती वेळ नाचले, कोणतं तेल, कोणतं भांडं, सगळं. जमलं नाही तर तेही लिहा आणि परात आणखी एकदा विसळून पुन्हा करा. रॅले यांना ते पत्र लिहिण्याआधी अ‍ॅग्नेस सुमारे दहा वर्षं आपल्या स्वयंपाकघरात मोजमापं करत होती.